थांबायचं की पळायचं?

2024 साल उजाडलं ते पेट्रोल पंपांवरच्या रांगा घेऊनच. मनमाडजवळच्या पानेवाडीतल्या इंधन डेपोंतून टँकर बाहेर पडेनात, मुंबई-नागपुरापासून तालुक्याच्या गावांपर्यंत इंधन संपण्याची धास्ती पसरली आणि ट्रकवाल्यांनी महामार्गाच्या कडेला गाड्या लावून चाव्या खिशात टाकल्या. निमित्त होतं नव्या भारतीय न्याय संहितेतल्या कलम 106 च्या दुसऱ्या पोटकलमाचं. बेदरकारपणे, निष्काळजीपणे गाडी चालवून एखाद्याचा जीव गेला आणि चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत कैद, असं हे पोटकलम सांगतं. चालकांचं म्हणणं एका वाक्यात मावणारं होतं: थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर सरकार आत टाकतं. 2 जानेवारीला केंद्रीय गृहसचिव आणि ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेस यांची बैठक झाली. तुमच्याशी बोलल्याशिवाय ही तरतूद अमलात आणणार नाही, असं आश्वासन मिळालं आणि संप मिटला. पुढे 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली, पण हे पोटकलम बाजूला ठेवून.

त्या दोन दिवसांत सगळी चर्चा शिक्षेभोवती फिरत राहिली. गाडी धडकल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत चालकाने नेमकं काय करायचं, याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. हा प्रश्न केवळ ट्रकवाल्यांचा नाही. रविवारी कुटुंबाला घेऊन महाबळेश्वरला निघालेल्या माणसाच्या गाडीखालीही कुणी येऊ शकतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 4,61,312 अपघात झाले आणि 1,68,491 माणसं गेली. महाराष्ट्रात त्या वर्षी 15,224 बळी पडले. यातला मन विषण्ण करणारा आकडा वेगळाच आहे: धडक देऊन पसार झालेल्या वाहनांमुळे त्या वर्षी देशात 30,486 मृत्यू झाले, म्हणजे एकूण मृत्यूंपैकी अठरा टक्के. पळणाऱ्यांत निर्ढावलेले असतात, दारू प्यालेले असतात. पण पुष्कळसे नुसते घाबरलेले असतात, आणि कायदा आपल्याकडून काय मागतो व बदल्यात काय देतो याचा त्यांना पत्ता नसतो, असं माझं मत आहे.

कायदा नवा नाही. मोटार वाहन कायदा 1988 चा आहे आणि त्यातली दोन कलमं प्रत्येक चालकाला तोंडपाठ हवीत. कलम 132 म्हणतं, अपघात झाला की थांबा. माणसाला लागलं, जनावराला लागलं, दुसऱ्या गाडीचं किंवा कुणाच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तरी थांबा आणि ज्याचं नुकसान झालं त्याने मागितल्यास आपलं आणि गाडीमालकाचं नाव-पत्ता द्या. त्यानेही आपला पत्ता द्यायचा असतो. कलम 134 तीन गोष्टी सांगतं. जखमीला वैद्यकीय मदत मिळेल यासाठी शक्य ते सर्व करा. पोलिसांनी विचारलेली माहिती द्या, आणि पोलीस तिथे नसतील तर जवळच्या ठाण्यात जाऊन लवकरात लवकर, कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, घडलेलं सांगा. तिसरं, विमा कंपनीला लेखी कळवा. हे न केल्यास कलम 187 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 2019 च्या दुरुस्तीआधी हा दंड पाचशे रुपये होता.

संपाच्या वेळी कुणी पुढे आणली नाही अशी एक गोष्ट याच 134 मध्ये आहे. जखमीला मदत करण्याचं कर्तव्य सांगतानाच, जमावाच्या रोषामुळे किंवा हाताबाहेरच्या दुसऱ्या कारणामुळे ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी, असं कायदा स्पष्ट म्हणतो. थांबलो तर जमाव मारेल ही भीती कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होती आणि त्यांनी ती मान्य करून ठेवली आहे. जीवाला धोका दिसत असेल तर तिथून निघणं गुन्हा ठरत नाही, निघून गप्प बसणं गुन्हा ठरतं. म्हणून लोक धावून येताना दिसले, हातात दगड दिसले, तर दारं लॉक करून निघा, पण निघता निघता 112 ला फोन लावा. कुठे झालं, किती जणांना लागलं आहे, रुग्णवाहिका पाठवा, मी अमुक नंबरच्या गाडीचा चालक आहे आणि जमाव अंगावर येतोय म्हणून जवळच्या ठाण्यात येतोय, एवढं सांगा आणि खरोखरच तिथे जा. ठाणं दूर असेल तर टोलनाका किंवा महामार्ग पोलिसांची चौकी. या फोनची वेळ नोंदली जाते. पुढे कोर्टात पळून गेलेला चालक आणि मदत मागून पोलिसांकडे गेलेला चालक यांच्यातला फरक या नोंदीवरच ठरतो. लागू न झालेल्या 106 च्या दुसऱ्या पोटकलमातही गुन्हा ठरतं ते न कळवता पळणं.

सगळीकडे जमाव मारायलाच टपलेला असतो असंही नाही. गाडीतून सगळ्यात आधी उतरून जखमीजवळ गुडघ्यावर बसलेल्या चालकावर हात उगारणं लोकांना अवघड जातं. काच वर करून फोनवर बोलत बसलेल्या चालकावर सोपं जातं. याची हमी कुणी देऊ शकत नाही, पण रस्त्यावर वर्षानुवर्षं वावरणारे चालक आणि पोलीस हेच सांगतात.

उतरण्याआधी मात्र आरशात पाहा. अपघाताच्या जागी होणारा दुसरा अपघात हा आपल्याकडे पुन्हा पुन्हा घडणारा आणि पूर्णपणे टाळता येणारा घात आहे. 5 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे वांद्रे-वरळी सागरी सेतूवर एका अपघातग्रस्त गाडीच्या मदतीला रुग्णवाहिका आणि माणसं आली होती. मागून भरधाव आलेली मोटार त्यांच्यात घुसली आणि पाच जण गेले. 2023 च्या जुलैत अहमदाबादच्या इस्कॉन पुलावर हेच घडलं: एका अपघाताभोवती जमलेल्या गर्दीत मध्यरात्रीनंतर दुसरी गाडी शिरली, नऊ जण मेले, त्यात बंदोबस्ताला आलेला पोलीसही होता. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर 2022 च्या नोव्हेंबरात एका ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली होती. अशा उतारावर थांबलेल्या गाडीशेजारी उभं राहून भांडणं म्हणजे मरणाला बोलावणं.

म्हणून हजार्ड दिवे आधी लावायचे. गाडी चालत असेल आणि कुणी तिच्याखाली किंवा आत अडकलेलं नसेल, तर पटापट चार फोटो काढून ती कडेला घ्यायची: दोन्ही गाड्यांची जागा, नंबर, रस्त्यावरच्या खुणा, आजूबाजूचा एखादा ओळखू येणारा फलक. गाडी हलवली तर पुरावा नष्ट केल्याचा आळ येईल, असा एक समज आहे. मोकळ्या महामार्गावर पंचनाम्याची वाट पाहत मधल्या लेनमध्ये गाडी ठेवण्यापेक्षा फोटो काढून बाजूला घेणं शहाणपणाचं. मृत्यू झाला असेल किंवा कुणी गंभीर जखमी असेल तर मात्र पोलीस येईपर्यंत गाडी शक्यतो आहे तिथेच राहू द्या आणि मागून येणाऱ्यांना लांबूनच सावध करा. परावर्तक त्रिकोण नव्या गाडीबरोबर मिळतो आणि बहुतेकांच्या डिकीत तो पाकिटातून कधी बाहेरच आलेला नसतो. साध्या रस्त्यावर तो गाडीच्या मागे निदान पन्नास मीटरवर हवा, द्रुतगती मार्गावर त्याच्या दुपटीहून पुढे, आणि घाटात वळणाच्या अलीकडे, म्हणजे वळण घेण्यापूर्वीच दिसेल असा. प्रवाशांना कठड्यापलीकडे उभं करा. इंजिन बंद करा. सीएनजीचा किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर सगळ्यांना लांब न्या आणि कुणालाही बिडी-सिगारेट पेटवू देऊ नका.

मग जखमी. 108 वर रुग्णवाहिका मागवायची. महाराष्ट्रात ही सेवा 2014 पासून चालू आहे. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 हाही क्रमांक आहे. ठिकाण सांगताना किलोमीटरचा दगड, पुलाचं नाव, कुठल्या बाजूची लेन हे सांगा. ‘लोणावळ्याच्या पुढे’ एवढं सांगून गाडी सापडत नाही, आणि द्रुतगती मार्गावर चुकीच्या लेनला आलेली रुग्णवाहिका वळून येईपर्यंत मौल्यवान वेळ जातो.

आपल्याकडे अपघात झाला की कुणीतरी तांब्या-बाटली घेऊन धावतो आणि जखमीच्या तोंडात पाणी ओततो. मायेपोटीच ओततो. बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या फुप्फुसात हे पाणी जाऊ शकतं, आणि शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर पोटात काही असणं धोक्याचं ठरतं. पाणी पाजू नका. दुसरी चूक म्हणजे दोघा-तिघांनी हात-पाय धरून माणसाला उचलणं. मानेला किंवा पाठीच्या कण्याला इजा असेल तर या उचलण्यानेच तो कायमचा लुळा होऊ शकतो. आग लागण्याचा किंवा मागून गाडी येण्याचा धोका नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला हलवू नये. हलवावंच लागलं तर डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून हलवायचं. दुचाकीस्वाराचं हेल्मेट ओढून काढू नका. तो श्वास घेत नसेल तरच, एकाने मान स्थिर धरून आणि दुसऱ्याने हळूच. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ रुमाल, ओढणी, जे हाताशी असेल ते घडी करून घट्ट दाबून धरा आणि दर मिनिटाला उचलून बघू नका. श्वास चालू आहे पण माणूस बेशुद्ध आहे, उलटी होते आहे, तर त्याला डोकं-मान सांभाळत कुशीवर वळवा. याच्यापलीकडे सामान्य माणसाने काही करायची गरज नसते. पण एवढ्यावर अनेक जीव वाचतात.

रुग्णालयात नेलं तर तिथे अडवतील, पैसे मागतील, ‘पोलीस केस आहे, सरकारी दवाखान्यात जा’ म्हणतील, ही भीती खोटी म्हणता येणार नाही. त्यामागे एक जुनी करुण कहाणी आहे. एका मोटारीची धडक बसून जखमी झालेल्या स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने घेतलं नाही. पोलीस केस घेण्याचा अधिकार असलेलं रुग्णालय वीस किलोमीटरवर होतं, तिकडे नेताना तो वाटेतच गेला. वर्तमानपत्रातली ही बातमी घेऊन परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1989 मध्ये न्यायालयाने निकाल दिला की डॉक्टर सरकारी असो की खाजगी, जीव वाचवणं हे त्याचं पहिलं कर्तव्य, कागदपत्रं नंतर. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 मध्येही डॉक्टरवर हेच बंधन आहे. कायद्याने ‘गोल्डन अवर’ची व्याख्या 2019 मध्ये केली: इजा झाल्यानंतरचा पहिला तास. आणि 5 मे 2025 ला अधिसूचित झालेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातल्या जखमीला यादीतल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळायला हवेत. प्रत्येक तालुक्यात हे सुरळीत चाललं आहे असा दावा करणं धाडसाचं होईल. तरीही दारात अडवलं गेल्यावर ‘कॅशलेस योजनेत दाखल करा, आम्ही पोलिसांना कळवलं आहे’ असं म्हणता येणं, हीच मोठी गोष्ट आहे.

चालकाला मदतीला आलेल्या माणसांचे हक्कही माहीत हवेत, कारण अपघाताच्या जागी त्याला एकट्याला सगळं जमत नाही. लोक मागे सरतात ते ‘उगाच साक्षीदार व्हावं लागेल’ म्हणून. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 ला मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचं बळ दिलं आणि 2019 मध्ये कलम 134-अ आलं. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, त्याला रुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही, त्याच्याकडून पैसे मागता येत नाहीत. गंभीर जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला केंद्राची ‘राहवीर’ योजना पंचवीस हजार रुपयेही देते. गर्दीतल्या एखाद्याकडे बोट दाखवून, ‘दादा, तुम्ही 108 लावा, तुम्हाला कुणी काही विचारणार नाही’ असं चालकाने म्हटलं तर तो माणूस पुढे येतो. सगळ्यांना मिळून ‘कुणीतरी फोन करा’ म्हटलं की कुणीच करत नाही.

पोलिसांपुढे काय बोलावं, याबद्दल दोन टोकाचे सल्ले कानावर पडतात. एक म्हणतो, काहीच बोलू नका. दुसरा म्हणतो, हात जोडून चूक कबूल करा, सुटाल. दोन्ही चुकीचे. माहिती देणं बंधनकारक आहे: नाव, लायसन्स, गाडीचे कागद, वेळ, जागा, दिशा, काय दिसलं, काय घडलं. चूक कोणाची हे ठरवणं चालकाचं काम नाही आणि घाबरलेल्या मनाने ते ठरवता येतही नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, आणि स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती राज्यघटनाही करू देत नाही. खरं सांगा, तेवढंच सांगा, आणि जबाबावर सही करण्याआधी तो वाचा. कागद गाडीत नसतील तर डिजिलॉकर किंवा एमपरिवाहनमधले चालतात. डॅशकॅम असेल तर मेमरी कार्ड काढून ठेवा, कारण जुनं चित्रण आपोआप पुसून त्यावर नवं चढत जातं.

अटकेची भीती अवास्तव मोठी आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू, म्हणजे संहितेचं कलम 106 चं पहिलं पोटकलम, पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या 304-अ मध्ये ती दोन वर्षं होती. पण हा गुन्हा जामीनपात्र आहे, जामीन ठाण्यातच मिळू शकतो. दारू प्यालेले असाल तर चित्र झपाट्याने बदलतं. रक्तात शंभर मिलिलिटरला तीस मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याचं कलम 185 लागतं, विमा कंपनी गाडीचं नुकसान नाकारते, आणि मृत्यू झाला असेल तर सदोष मनुष्यवधाचं कलमही लागू शकतं. गाडी पोलिसांनी तपासणीसाठी नेली तर मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी आटोपल्यावर ती चोवीस तासांत परत करायची, असं कलम 136 सांगतं. प्रत्यक्षात ती ठाण्याच्या आवारात पडून राहते, म्हणून मालकाने पाठपुरावा करावा आणि गरज पडल्यास न्यायालयाकडे सुपूर्तनाम्यासाठी, म्हणजे गाडीचा ताबा मिळण्यासाठी, अर्ज करावा.

चालक बदलणं हा गुन्हा आपल्याकडे इतका रुळला आहे की लोकांना तो गुन्हा वाटत नाही. मालकाचा मुलगा चालवत होता, ठाण्यात पगारी ड्रायव्हरला बसवलं. लायसन्स नसलेला भाचा चालवत होता, मामाने अंगावर घेतलं. पुण्यात कल्याणीनगरच्या 19 मे 2024 च्या पोर्श अपघातात दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्यानंतर कुटुंबाच्या ड्रायव्हरवर गुन्हा अंगावर घेण्यासाठी दबाव आणल्याचे आणि ससूनमध्ये रक्ताचे नमुने बदलल्याचे आरोप ठेवले गेले. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण मूळ अपघाताच्या जोडीला पुरावा नष्ट करण्याचे, कटाचे गुन्हे कसे वाढत जातात, हे त्या प्रकरणाने सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर कलम 199-अ खाली पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे, हेही त्या निमित्ताने अनेकांना पहिल्यांदा कळलं. पगारी चालकांना मला कळकळीने सांगावंसं वाटतं: मालक कितीही चांगला असो, न केलेला अपघात अंगावर घेऊ नका.

थांबणं का महत्त्वाचं, याचं सगळ्यात मोठं उत्तर पैशांत आहे, आणि तेच सगळ्यात कमी सांगितलं जातं. धडक देणारं वाहन सापडलंच नाही, तर मृताच्या कुटुंबाला सरकारी योजनेतून दोन लाख रुपये मिळतात, गंभीर जखमीला पन्नास हजार. 1 एप्रिल 2022 पूर्वी हे आकडे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. आता समजा, तीस वर्षांचा, महिन्याला वीस हजार कमावणारा एक गाडी-दुरुस्तीवाला गेला. मागे बायको आणि दोन मुलं. वाहन सापडलं, विमा होता, चालकाची चूक सिद्ध झाली. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा आणि प्रणय सेठी या निकालांत घालून दिलेला हिशोब असा: वर्षाचे 2,40,000, त्यात भावी कमाईचे चाळीस टक्के मिळवून 3,36,000, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा तिसरा हिस्सा वजा करून 2,24,000, आणि वयानुसार 17 ने गुणून 38,08,000 रुपये. अंत्यविधी, सहवास वगैरेची रक्कम वेगळी. दोन लाख आणि अडतीस लाख यांच्यामधलं अंतर हे एका माणसाच्या थांबण्याचं किंवा पळण्याचं अंतर असू शकतं. आणि हे अडतीस लाख चालकाच्या घरावर बोजा चढवून येत नाहीत. तृतीय पक्षाच्या मृत्यूची किंवा इजेची भरपाई विमा कंपनी भरते, कितीही असली तरी. लायसन्स वैध नसेल, विमा संपलेला असेल, तर मात्र ती वसुली मालकाच्या दारात येऊ शकते.

हा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातो. अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करावा, असा 2022 पासूनचा नियम आहे, त्यामुळे त्याच्या आत गेलेलं बरं. चूक सिद्ध न करता ठरावीक रक्कम घ्यायची असेल तर कलम 164 खाली मृत्यूसाठी पाच लाख, गंभीर इजेसाठी अडीच लाख आहेत. पोलिसांनी अठ्ठेचाळीस तासांत पहिला अपघात अहवाल द्यायचा असतो आणि नव्वद दिवसांत सविस्तर. चालकानेही एक नमुना भरून तपासी अधिकाऱ्याला तीस दिवसांत द्यायचा असतो, तो टाळू नये.

स्वतःच्या गाडीच्या दाव्याबद्दल थोडं. कंपनीला त्याच दिवशी कळवा, दावा क्रमांक घ्या आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका. पॉलिसीच्या अटींत दोन ओळी अशा आहेत ज्या कुणी वाचत नाही. अपघातानंतर गाडी बेवारस सोडू नये आणि दुरुस्तीआधी चालवली तर वाढलेल्या नुकसानीला कंपनी जबाबदार नाही. फुटलेल्या रेडिएटरने ‘गॅरेजपर्यंत नेऊ’ म्हणून दहा किलोमीटर चालवलेलं इंजिन या ओळीने आपल्या खिशावर येतं. दुसरी ओळ: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय समोरच्याला भरपाईचं आश्वासन देऊ नका, जबाबदारी मान्य करू नका. जखमीच्या उपचारासाठी त्या क्षणी हातचे पैसे देणं ही माणुसकी आहे, ती जरूर करावी. ‘तुमचं सगळं मी भरून देतो’ असं लिहून देणं वेगळं. प्लॅस्टिक आणि रबरी भागांवर निम्मा घसारा कापला जातो, हे आधीच माहीत असलं तर वर्कशॉपमध्ये वाद होत नाही.

सिग्नलवर बंपरला बंपर घासला, कुणाला लागलं नाही, तर फोटो, फोन नंबर, एकमेकांच्या विम्याचा तपशील, आणि पुढे चला. तडजोड केली तर दोन ओळी लिहून दोघांनी सह्या करा. किरकोळ नुकसानीचा दावा करण्याआधी नो क्लेम बोनसचा हिशोब करा. पाच वर्षं दावा न केल्यास तो पन्नास टक्क्यांपर्यंत जातो, आणि तीन हजारांच्या पोच्यासाठी तो घालवणं परवडत नाही.

चालकाचं स्वतःचं शरीर या सगळ्यात विसरलं जातं. धक्क्यात दुखणं जाणवत नाही. डोक्याला मार लागलेला माणूस तास-दोन तास नीट बोलतो-चालतो आणि मग एकाएकी कोसळतो. पोटात आतून रक्तस्राव होत असेल तर बाहेर ओरखडाही नसतो. उलटी, गुंगी, वाढत जाणारी डोकेदुखी, पोट कडक होणं यातलं काहीही दिसलं तर त्याच रात्री रुग्णालयात जा, आणि तसं काही नसलं तरी डॉक्टरला दाखवून नोंद करून घ्या. मालक स्वतः चालवत असताना गेला तर घरच्यांना पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण मिळतं. 2018 पासून ते याच रकमेचं आहे, आणि तशी दुसरी पॉलिसी नसेल तर सक्तीचं आहे. दुःखात बुडालेल्या किती घरांत कुणाला त्याची आठवणच होत नाही. पगारी चालकाला ते लागू नाही. त्याच्यासाठी मालकाने नाममात्र जादा हप्ता भरून संरक्षण घ्यायचं असतं, आणि नोकरी धरतानाच चालकाने ते विचारून घ्यावं.

हे सगळं चालकाला कळणार कुठून? कच्चं लायसन्स देताना अपघातानंतरच्या चालकाच्या कर्तव्यांवर परीक्षा घ्यावी, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 11 आधीपासून सांगतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या अभ्यासक्रमात प्रथमोपचारही आहे. प्रत्यक्षात संगणकावरच्या चार पर्यायांतला एक निवडला की विषय संपतो, आणि स्कूलवाला क्लच सोडायला शिकवतो, रक्त थांबवायला नाही. पक्क्या लायसन्सच्या दिवशी परिवहन कार्यालयाच्या मैदानावर आठचा आकडा काढायला लावण्याआधी प्रत्येक उमेदवाराला 108 च्या कर्मचाऱ्याकडून अर्धा तास हातानं करून शिकवावं: जखम कशी दाबायची, हेल्मेट कसं काढायचं, त्रिकोण कुठे ठेवायचा, 112 ला काय सांगायचं. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, आहे तो नियम मनावर घेऊन पाळावा लागतो. परिवहन आयुक्तांनी ही सुरुवात घाटरस्त्यांच्या जिल्ह्यांतून करावी, सातारा, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, नाशिक.